औंध संस्थानातील आधुनिक वास्तुवारसा

औंध संस्थानातील आधुनिक वास्तुवारसा म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध या मराठी संस्थानाच्या मुलखात उभ्या राहिलेल्या औद्योगिक, साठवणुकीच्या आणि सार्वजनिक उपयोगाच्या वास्तूंचा समूह होय. किर्लोस्करवाडीचा कारखाना व कामगार वसाहत (१९१०), ओगलेवाडीचा काचकारखाना (१९१६), औंध येथील श्री भवानी संग्रहालय (१९३८) आणि आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत (१९३९) ही त्याची प्रमुख स्थळे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ही स्थळे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत विभागली गेली. त्यांपैकी संग्रहालय हे महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. इतर वास्तूंचे टिकणे वा नाहीसे होणे मात्र वारसाविषयक कायद्यांपेक्षा त्यांच्या चालू वापरावरच अवलंबून राहिले. त्यामुळे आधुनिक काळातील, विशेषतः औद्योगिक वास्तूंच्या संरक्षणाचा प्रश्न समजून घेण्यासाठी औंधचे उदाहरण उपयोगी ठरते.

पार्श्वभूमी

औंध हे पंतप्रतिनिधी घराण्याचे संस्थान. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,३०० चौरस किलोमीटर होते व १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या नव्वद हजारांच्या आत होती. मुलूख एकसंध नव्हता. राजधानीचे औंध आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, आटपाडी व कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात आणि गुणदाळ विजापूरच्या बाजूला अशी त्याची तुटक रचना होती. मध्ये ब्रिटिश हद्दीची आणि इतर संस्थानांची गावे पसरलेली. या तुटकपणाचा एक परिणाम असा झाला, की संस्थानातील उद्योग राजधानीत न वाढता रेल्वेच्या जवळ असलेल्या दूरच्या तुकड्यांवर वाढले. औंधला रेल्वे नव्हती. कुंडल आणि कऱ्हाडच्या परिसरातून मात्र पुणे–मिरज हा त्या वेळचा मीटरगेज मार्ग जात होता.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) हे १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तन करीत आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले होते. उत्पन्न बेताचे असलेल्या संस्थानाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ अनेक वर्षे औंधातच होते. या राजाश्रयाची नोंद बहुधा कला आणि विद्या यांच्या संदर्भात घेतली जाते. परंतु उद्योजकांना जागा देणे, त्यांच्या भांडवलाची सोय करणे आणि त्यांच्या कामात हात न घालणे हेही त्याच राजनीतीचे अंग होते.

किर्लोस्करवाडी

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. बेळगावात त्यांनी आधी सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे हे नांगर सुरुवातीला पडून राहिले. बेळगाव नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली व कर्जाची सोय करून दिली. १९१० मध्ये निवडुंगांनी भरलेल्या, साप-विंचवांच्या त्या माळावर कारखाना आणि वसाहत एकाच वेळी वसू लागली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांच्या आत्मचरित्राच्या ‘कॅक्टस अँड रोझेस’ या शीर्षकात हा निवडुंग आला आहे. कुंडल रोड स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी असे झाले.

वास्तूच्या दृष्टीने किर्लोस्करवाडीचे महत्त्व एखाद्या देखण्या इमारतीत नसून आखणीत आहे. वसाहतीची आखणी व व्यवस्था मुख्यतः लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांनी पाहिली. कारखाना, कामगारांची घरे, शाळा, पाणीपुरवठा आणि छापखाना हे सारे रेल्वेमार्गाच्या आधाराने जवळजवळ मांडले गेले. ब्रिटनमधील बोर्नव्हिल किंवा भारतातील जमशेदपूर यांच्याशी या वसाहतीची तुलना नेहमी केली जाते. प्रमाणात मात्र ती फारच लहान होती आणि तिच्यामागे मोठे भांडवलही नव्हते. जे लागेल ते लागेल तेव्हा बांधायचे, अशी तिची वाढ झाली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या शिक्षा भोगून आलेल्या दोघांना येथे रखवालीवर नेमले होते. कुंपण-भिंतीऐवजी माणसांवर विसंबणाऱ्या या वसाहतीचा स्वभाव त्या गोष्टीत दिसतो, म्हणूनच ती आजही सांगितली जाते.

नांगर, चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि नंतर केंद्रोत्सारी पंप असा उत्पादनाचा क्रम होता. त्याबरोबर इमारतींचा आकारही बदलत गेला. ओतशाळेला उंची लागते, कारण वितळलेल्या लोखंडाची धग आणि धूर वरच्या झरोक्यांतून बाहेर जावा लागतो. तिची जमीन वाळूची व मोकळी ठेवावी लागते, कारण साचे तिथेच भरले जातात. यंत्रशाळेला उलट पक्की, न हलणारी जमीन आणि बाजूने स्थिर उजेड हवा असतो. जुळणीच्या आणि साठवणुकीच्या शेडला खांबांमधील अंतर मोठे लागते. त्यामुळे लोखंडी कैच्या आणि पत्र्याचे छप्पर ही रचना दख्खनमधील त्या काळच्या कारखान्यांत सर्वत्र रूढ झाली. या रचनेत खांब, कैची किंवा पत्रा यांना स्वतंत्र महत्त्व नसते. एक भाग काढून दुसरा बसविता येतो, शेड लांबविता येते, यंत्र बदलले की भिंत पाडता येते. कारखान्याच्या मालकाच्या दृष्टीने हा गुण आहे. संरक्षकाच्या दृष्टीने हीच मोठी अडचण ठरते.

किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी १९२० मध्ये नोंदविली गेली. त्याच वर्षी येथून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिकेही येथूनच निघाली. एका माळावरच्या कारखान्याच्या छापखान्यातून महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची तीन महत्त्वाची मासिके निघावीत, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातली विलक्षण बाब आहे. वास्तुवारशाचा विचार करताना हा छापखाना ओतशाळेइतकाच मोलाचा धरावा लागतो.

जानेवारी १९४८ च्या अखेरीस महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचीही हानी झाली. त्यानंतर कारखाना पुन्हा उभा करण्यात आला आणि पंपनिर्मितीचे केंद्र म्हणून तो आजही चालू आहे. याचा अर्थ असा, की १९१० ची म्हणून ओळखली जाणारी ही वसाहत प्रत्यक्षात अनेक थरांची आहे. मूळ आखणी, १९२० ते १९४० मधील विस्तार, १९४८ नंतरची पुनर्रचना आणि त्यापुढील आधुनिकीकरण असे चार थर तिच्यात एकमेकांवर बसले आहेत. यांपैकी नेमका कोणता थर ‘मूळ’ मानून जतन करायचा, याचे उत्तर केवळ स्थापनेच्या सालावरून देता येत नाही.

ओगलेवाडी

कऱ्हाडजवळच्या संस्थानी हद्दीत ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचकारखाना काढला. त्याआधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाच्या वर्गणीतून काचकारखाना निघाला होता आणि स्वदेशी काचेचा प्रयोग महाराष्ट्राला परिचित झाला होता. ओगले कारखान्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्पादन म्हणजे ‘प्रभाकर’ कंदील. वीज खेड्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी घर, गोठा, दुकान आणि बैलगाडी या सर्व ठिकाणी तो वापरला जाई. कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीला आणि पुढे गावालाच ओगलेवाडी हे नाव पडले. कऱ्हाडचे रेल्वे स्थानक याच भागात आहे.

काचकारखान्याचे स्थापत्य भट्टीभोवती फिरते. भट्टी अखंड तापत ठेवावी लागते, ती विझविली तर पुन्हा पेटविण्यास वेळ आणि इंधन दोन्ही फार लागतात. तिच्या आतील उष्णतारोधक विटा काचरसाने झिजतात व ठराविक काळाने बदलाव्या लागतात. म्हणजे चालू कारखान्यातील भट्टी कधीच ‘जुनी’ नसते. भट्टीच्या तोंडाशी फुंकणी घेऊन बसणाऱ्या कारागिरांसाठी मोकळी जागा, तयार काच हळूहळू थंड करण्याची लांबट भट्टी, पेंढ्यात गुंडाळून माल भरण्याचे दालन आणि रेल्वेकडे तोंड असलेले गोदाम हा या उद्योगाचा नेहमीचा क्रम. कंदिलाच्या कारखान्यात याला पत्रा कापण्याच्या आणि ठोकण्याच्या विभागाची जोड लागते. कंदिलाची गरज ओसरली तसा हा उद्योगही मागे पडला व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद झाला.

किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी या दोन वाड्यांची तुलना वारशाच्या अभ्यासकाला पुष्कळ शिकविते. दोन्ही एकाच राजाच्या आश्रयाने, सहा वर्षांच्या अंतराने आणि एकाच रेल्वेमार्गाच्या आधाराने निघाल्या. एकीने उत्पादन बदलत नेले. तेथील जुन्या इमारती बदलल्या, पण स्थळ जिवंत राहिले. दुसरीचे नाव एका वस्तूशी बांधलेले राहिले; ती वस्तू गेली तेव्हा इमारतींना काम उरले नाही. मात्र प्रभाकर कंदील जुन्या वस्तूंच्या संग्रहांतून आणि घरांच्या माळ्यांवरून आजही सापडतो. वस्तू जपली गेली आणि ती जिथे घडली ती जागा मागे पडली, असे हे उलटे चित्र आहे.

श्री भवानी संग्रहालय

औंध येथे यमाई देवीच्या मूळपीठाच्या डोंगरावर, पायथा व माथा यांच्या मध्ये बांधलेले श्री भवानी संग्रहालय १९३८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ही मुद्दाम संग्रहालय म्हणूनच बांधलेली इमारत आहे. त्या काळी बहुतेक संस्थानी संग्रह राजवाड्याच्या रिकाम्या दालनांत मांडले जात. बाळासाहेबांनी मात्र संग्रह वाड्याबाहेर काढला आणि देवीच्या वाटेवर ठेवला. डोंगर चढणारा यात्रेकरू हा या संग्रहालयाचा स्वाभाविक प्रेक्षक ठरला, आणि आजही मूळपीठाकडे जाणारे पुष्कळ लोक वाटेत येथे थांबतात.

संग्रहात राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर आदींची चित्रे, लघुचित्रे, बंगाल शैलीतील कामे, बाळासाहेबांची स्वतःची चित्रे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम, पाश्चात्त्य चित्रशिल्पांच्या प्रतिकृती आणि मोठा ग्रंथसंग्रह आहे. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे दगडी शिल्पही येथे आहे. मूरचे काम महाराष्ट्रातील एका डोंगरगावात असणे परदेशी अभ्यासकांनाही चकित करते.

इमारतीची योजना प्रकाशाचा विचार करून केलेली आहे. चित्रदालनांत उजेड वरून व पसरट यावा, चित्रांवर थेट ऊन पडू नये आणि भिंतीची मोकळी जागा चित्रांसाठी मिळावी, हे तिचे सूत्र आहे. संग्रहालय-स्थापत्यात असा वरून घेतलेला प्रकाश युरोपात एकोणिसाव्या शतकापासून रूढ होता. औंधमध्ये त्याला आणखी एक व्यावहारिक कारण होते. वीज नसलेल्या वा अनियमित असलेल्या गावात चित्रे दिवसाच्या उजेडातच पाहावी लागणार होती. ज्याने स्वतः ब्रश हातात धरला आहे अशा राजाला हे सांगावे लागले नसावे.

साठवणुकीची वास्तू म्हणून या संग्रहालयाकडे पाहिले, तर तिचे दोन प्रश्न डोळ्यांपुढे येतात. पहिला उष्णतेचा व दमटपणाचा. खटाव हा कमी पावसाचा तालुका आहे; तेथील कोरडी हवा कागद आणि कापड यांना कोकणच्या हवेपेक्षा मानवते, परंतु उन्हाळ्यातील दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कॅनव्हासवरील तैलरंगाला आणि हस्तिदंताला सोसत नाही. दुसरा प्रश्न वरून येणाऱ्या उजेडाचा आहे. जो उजेड १९३८ मध्ये सोय होती, तोच जलरंग व लघुचित्रांच्या दृष्टीने दीर्घकाळात घातक ठरतो. संग्रहाच्या जतनासाठी छताचा उजेड अडवावा, तर वास्तूचे मूळ सूत्रच झाकले जाते. संग्रहाची गरज आणि इमारतीचा वारसा यांचा असा विरोध जगातील अनेक जुन्या कलादालनांत आढळतो. औंध त्याला अपवाद नाही.

स्वतंत्रपूर

२१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानात नवी राज्यघटना अमलात आली आणि कारभार गावपंचायतींच्या पायावर लोकांकडे सोपविण्यात आला. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत, मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रिडमन आणि सल्लागार म्हणून महात्मा गांधी यांचा या ‘औंध प्रयोगा’शी संबंध होता. त्याच काळात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत वसविण्यात आली. तिचे नाव स्वतंत्रपूर. कैदी येथे शेती करीत आणि कुटुंबासह राहू शकत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कल्पना या वसाहतीवरून सुचली. त्याची कथा-पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानातीलच होते आणि त्यांचे काही शिक्षण औंधला झाले होते. वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालू आहे.

स्वतंत्रपूरचे स्थापत्य वर्णन करणे सोपे आहे: उंच तट नाही, मनोरे नाहीत, साधी घरे आणि शेते. तुरुंगाच्या वास्तूत जे नेहमी असते त्याचा अभाव हाच येथील वास्तुविचार आहे. हा अभाव कोणत्याही यादीत नोंदविणे कठीण, आणि एखादी सुरक्षा-भिंत बांधून तो नष्ट करणे फार सोपे.

स्वातंत्र्योत्तर गोदामे

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. यानंतर या मुलखात ज्या सार्वजनिक वास्तू सर्वाधिक संख्येने उभ्या राहिल्या, त्यांत सहकारी सोसायट्यांची व वखार महामंडळाची गोदामे येतात. ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीच्या १९५४ मधील अहवालाने पतपुरवठा, विक्री आणि साठवण एकमेकांशी जोडण्याची शिफारस केली. तीवरून १९५६ मध्ये शेतमाल विकास व वखार महामंडळांचा कायदा झाला, आणि १९६२ मध्ये त्याच्या जागी वखार महामंडळांसाठी स्वतंत्र कायदा आला. गावोगावची गोदामे ही या धोरणाची बांधीव खूण आहे.

त्यांची रचना सरकारी नमुना-नकाशावर आधारलेली असे. ट्रकच्या फळीच्या उंचीचे जोते, भोवती पोती उतरविण्याचा ओटा, दगडी किंवा विटांच्या जाड भिंती, वर उंदीर-पाखरांसाठी जाळी लावलेले झरोके, ओल टाळणारी जमीन आणि कैच्यांवर पत्रा. शोभेला जागा नाही. आधुनिक स्थापत्याने उपयोगितेविषयी जे सांगितले, ते येथे कोणत्याही घोषणेविना अमलात आलेले दिसते. मंदिर, वाडा किंवा वेस जशी आपली वाटते, तसे गोदाम कुणाला आपले वाटत नाही. धान्य, खत व बियाणे यांच्या निमित्ताने गावातील बहुतेक घरांचा त्याच्याशी संबंध आलेला असतो, तरीही.

कायदेशीर संरक्षण

भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये संरक्षण मिळते. त्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. या मोजमापाने श्री भवानी संग्रहालयाची इमारत २०३८ मध्ये आणि स्वतंत्रपूर २०३९ मध्ये विचारार्ह ठरेल. १९४८ नंतर किर्लोस्करवाडीत बांधलेल्या कोणत्याही शेडला तोवर वाट पाहता येण्याची शक्यता कमी. कारखान्याच्या शेडचे आयुष्य तितके नसते. राज्याच्या पातळीवर महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे व त्यान्वये राज्यसंरक्षित स्मारके जाहीर होतात.

केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. किल्ला किंवा लेणे यांच्या बाबतीत ही तरतूद समजण्याजोगी आहे. चालू कारखान्यात मात्र ती लावली, तर शंभर मीटरच्या आत नवी यंत्रशाळाच उभारता येणार नाही. म्हणजे वास्तू वाचविण्यासाठी उद्योग थांबवावा, असा प्रसंग येईल. या वारशासाठी स्मारकाचा कायदा हे योग्य साधन नाही, असेच म्हणावे लागते.

दुसरा मार्ग नगररचनेचा. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली; तीत वास्तूंची श्रेणी १, २ व ३ अशी प्रतवारी आहे आणि वयाची शंभर वर्षांची अट नाही. खालच्या श्रेणीतील वास्तूंत आतील बदल व नवा वापर यांना वाव असतो. मुंबईबाहेरील बहुतेक क्षेत्रासाठी २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. औंध, किर्लोस्करवाडी किंवा ओगलेवाडी यांसारख्या ठिकाणी ही प्रतवारीची पद्धत अधिक लवचीक ठरू शकते; पण ती शहरांच्या विकास आराखड्यांभोवती घडलेली आहे, आणि वारसा यादी तयार करणारी, बांधकामांवर देखरेख ठेवणारी माणसे लहान गावांत सहसा नसतात.

संग्रहालयाच्या बाबतीत तिसरा कायदा लागू होतो: पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२. तो वस्तूंना संरक्षण देतो, त्या ज्या इमारतीत आहेत तिला नाही. औंधच्या इमारतीला मिळालेले शासकीय छत्र हे मुख्यतः तिच्यातील संग्रहामुळे मिळालेले आहे. संग्रह उद्या अन्य ठिकाणी हलविला, तर १९३८ ची ही इमारत केवळ डोंगरावरची एक जुनी इमारत म्हणून उरेल.

अन्यत्रची उदाहरणे

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वास्तूंना संरक्षण देण्याची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. वेल्समधील ब्रिनमॉर येथील रबर कारखाना, ज्याचे काँक्रीटचे नऊ पातळ घुमट अभियांत्रिकीत गाजले होते, १९८६ मध्ये संरक्षित यादीत गेला. कारखाना मात्र आधीच बंद पडला होता. इमारतीला नवा वापर मिळाला नाही आणि संरक्षण असूनही २००१ मध्ये ती पाडली गेली. याउलट इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील जॉन लुईस कंपनीचे गोदाम, ज्याच्या छत्रीसारख्या काँक्रीट छतामागे फेलिक्स कँडेला या अभियंता-वास्तुकाराचा विचार होता, टिकले. ते यादीत तर गेलेच, शिवाय घाऊक विक्रीचे दुकान म्हणून त्याला काम मिळाले. मोकळे, खांब कमी असलेले गोदाम नव्या वापराला सहज वळते, हा त्या रचनेचा फायदा होता. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या व्हॅन नेले कारखान्याला २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. चहा, कॉफी व तंबाखूची ही काचेच्या भिंतींची इमारत आता कार्यालयांसाठी वापरली जाते.

भारतातील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण दिल्लीच्या प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्सचे. राज रेवल यांचे स्थापत्य आणि महेंद्र राज यांची संरचना असलेली ही १९७२ ची काँक्रीट वास्तू एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आली. दिल्लीच्या वारसा समितीने साठ वर्षांहून कमी वयाच्या वास्तूंचा विचार न करण्याची भूमिका घेतली होती. त्यानंतर एका वर्षाने, २०१८ मध्ये, मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यातील आर्ट डेको इमारती औंधच्या संग्रहालयाच्याच काळातल्या आहेत.

नोंदणीचा प्रश्न

औद्योगिक वारशाविषयीच्या २००३ च्या निझ्नी तागिल सनदेत इमारती व यंत्रे यांच्याबरोबरच कागदपत्रे, नकाशे आणि कामगारांचे कौशल्य यांनाही वारसा मानले आहे. औंधच्या संदर्भात हा भाग सर्वांत व्यवहार्य दिसतो. ज्या शेडा बदलणारच आहेत त्यांचे मोजमाप, आराखडे व छायाचित्रे घेऊन ठेवता येतात. ओतकाम आणि काच फुंकण्याचे काम ज्यांनी केले त्यांच्या तोंडून प्रक्रिया लिहून घेता येते, आणि हे काम शंभर वर्षांच्या अटीसाठी थांबू शकत नाही, कारण ती पिढी आता फार थोडी उरली आहे. किर्लोस्करवाडीच्या बाबतीत मोठी सोय म्हणजे तेथूनच निघालेली मासिके. त्यांच्या अंकांतील लेख, जाहिराती व छायाचित्रे यांतून कारखान्याचे आणि वसाहतीचे वर्षावर्षाचे रूप बऱ्याच अंशी उभे करता येते. ओगलेवाडीच्या मागे असा छापखाना नव्हता. तेथील नोंदीसाठी जुन्या जाहिराती, संस्थानी दप्तरातील कागद, भट्टीच्या जागेची पाहणी आणि प्रत्यक्ष कंदील यांवरच भिस्त ठेवावी लागते.